मोकाट कुत्री : आधी मोजणी, मग उपाय

थंडी पडू लागली की गावातल्या प्रत्येक आळीत, एखाद्या ओट्याखाली नाही तर बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. त्याच सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास असतो. ‘पहाटे फिरायला जाणे मुश्कील झाले आहे’, ‘मुलगा सायकलवरून पडला’, ‘नगरपालिका झोपा काढते काय?’ अशी ती पत्रे असतात. कोणी लिहितो, विष घालून एकदाच निकाल लावा. कोणी लिहितो, गाडीत भरून लांब जंगलात सोडा. मुक्या जनावरावर हात टाकाल तर याद राखा, असेही कोणी लिहितो.

या सर्वांना मी एकच प्रश्न विचारत असतो. आपल्या गावात मोकाट कुत्री आहेत तरी किती? त्यात नर किती, माद्या किती? किती कुत्र्यांना लस टोचलेली आहे? याचे उत्तर बहुधा कोणाकडेच नसते. ‘असतील हजार-दोन हजार’ असा मोघम अंदाज सांगितला जातो. ताप किती आहे हे न पाहता औषध देणाऱ्या डॉक्टरला आपण नावे ठेवतो. मग कुत्री किती आहेत हे न मोजता लाखो रुपये खर्च करणाऱ्या योजनेला काय म्हणावे? म्हणून आजच्या लेखात कुत्र्यांची मोजणी कशी करतात, त्या मोजणीतून काय कळते आणि त्यावरून कोणता उपाय ठरवावा, हे सविस्तर पाहू.

हा आरोग्याचा विषय का?

कुत्रे चावण्यात खरी भीती रेबीजची. आपण ज्याला कुत्रे पिसाळणे म्हणतो तो हा रोग. त्याचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात. चाव्याच्या जखमेतून ते मज्जातंतूंत शिरतात आणि हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला साधारणपणे एक ते तीन महिने लागतात. क्वचित काही दिवसांतच, तर क्वचित वर्षभरानेही लक्षणे दिसतात. ही मधली मुदत हीच आपली संधी, कारण तेवढ्या काळात लस काम करते. एकदा का पाण्याची भीती, घशाचे आचके, भ्रम ही लक्षणे सुरू झाली, की रुग्ण वाचवणे जवळजवळ अशक्य असते. काही रुग्णांत पाण्याची भीती दिसतच नाही, नुसते हातपाय लुळे पडत जातात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये देशभर घरोघर पाहणी केली. तिच्यावरून दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना जनावरांचा चावा होतो आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरण पावतात, असा अंदाज निघाला. चावणाऱ्या जनावरांत दर चारांतले तीन कुत्रेच होते. चावलेल्या दर पाच जणांतल्या एकाने लसच घेतलेली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांच्या चाव्याला बळी पडणाऱ्यांत दर दहांतली चार मुले पंधरा वर्षांखालची असतात. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांतही शाळकरी मुले अधिक असतात. त्यांची उंची कमी असल्याने जखमा चेहऱ्यावर, मानेवर, हातावर होतात. तिथून मेंदू जवळ असल्यामुळे धोकाही जास्त असतो.

मारून कुत्री का संपत नाहीत?

मारण्याचा उपाय आपल्याकडे नवा नाही. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्यासाठी बक्षीस लावले. त्यावरून पारशी मंडळी रस्त्यावर आली, दुकाने बंद झाली, दंगल उसळली. पुढे मुंबई व मद्रास या दोन्ही शहरांत महापालिका वर्षानुवर्षे कुत्री मारत राहिल्या. लाखो कुत्री मारली गेली, तरी रस्ते कुत्र्यांवाचून राहिले नाहीत. अखेर १९९० नंतरच्या दशकात दोन्ही शहरांनी मारण्याचा मार्ग सोडून नसबंदीचा मार्ग धरला.

असे का झाले, हे एका साध्या हिशेबाने कळेल. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांच्या माद्या साधारणपणे वर्षातून एकदा वितात. पावसाळ्याच्या अखेरीस त्या माजावर येतात, सुमारे दोन महिने गाभण राहतात आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पिल्ले दिसू लागतात. एका वेताला पाच-सहा पिल्ले होतात. पण ती सगळी जगत नाहीत. पश्चिम बंगालमध्ये शास्त्रज्ञांनी ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतली फक्त १९ टक्के पिल्ले वयात येईपर्यंत जगली. बाकीची वाहनाखाली, रोगाने, माणसाच्या हातून किंवा उपासमारीने गेली. म्हणजे पाच पिल्लांतले एक जगते आणि ढोबळ मानाने एक मादी वर्षाला एक नवे मोठे कुत्रे गावाला देते.

आता समजा, पालिकेने एका पेठेतली निम्मी कुत्री मारली. त्या पेठेतला उकिरडा, मटणाच्या दुकानामागची हाडके, हॉटेलचे खरकटे तेवढेच राहिले. खाणारी तोंडे कमी झाली, म्हणून उरलेल्या माद्यांची जास्त पिल्ले जगतात. शेजारच्या पेठेतली कुत्रीही रिकाम्या जागेत येतात. वर्ष-दोन वर्षांत संख्या पूर्ववत होते. मारल्या गेलेल्यांत लस टोचलेली, गल्लीतल्या लोकांच्या सवयीची, शांत कुत्रीही जातात आणि त्यांच्या जागी येणारी कुत्री अनोळखी व बिनलशीची असतात. रेबीजच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच आहे. विष घातले तर त्याला मांजरे, गुरे, कावळे आणि एखादे वेळी लहान मूलही बळी पडू शकते.

गाडीत भरून लांब सोडण्याचेही तेच. आपली कुत्री शेजारच्या गावाला देऊन त्यांची आपण घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. नव्या जागेत कुत्री एकमेकांशी भांडतात, बिथरतात, चावे वाढतात. त्यांतले एखादे रेबीजची बाधा झालेले असेल, तर रोगही आपणच पोचवून येतो.

मोजणी कशी करावी?

आता मुख्य विषयाकडे वळू. दर काही वर्षांनी होणाऱ्या पशुगणनेत मोकाट कुत्री मोजली जातात. २०१९ च्या गणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख मोकाट कुत्री नोंदली गेली. पण या आकड्यावरून आपल्या गावातल्या शनिवार पेठेत काय करावे, हे कळत नाही. त्यासाठी गावाची मोजणी गावानेच करावी लागते. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. गावाचा नकाशा, वही, पेन आणि पहाटे उठण्याची तयारी एवढे पुरते.

१. वेळ : पहाटे साडेपाच ते साडेसात ही उत्तम. रहदारी नसते, घंटागाडी आलेली नसते आणि कुत्री अन्नासाठी बाहेर पडलेली असतात. दुपारी ती हातगाडीखाली, गटारात, जिन्याखाली पडून असतात, त्यामुळे निम्मीही दिसत नाहीत.

२. रस्ते : नकाशावर प्रभागांचे लहान तुकडे पाडावेत. गाव लहान असेल तर प्रत्येक गल्ली फिरावी. मोठे असेल तर काही तुकडे चिठ्ठ्या टाकून निवडावेत. जिथे कुत्री जास्त दिसतात तेच भाग निवडले, तर आकडा फुगतो.

३. माणसे : प्रत्येक रस्त्याला दोघांची जोडी असावी. एकाने बघायचे, दुसऱ्याने लिहायचे. पायी किंवा दुचाकीवर सावकाश जावे. गेलेल्या रस्त्याने परत येताना पुन्हा मोजू नये.

४. काय लिहावे : नर, मादी, दूध पाजणारी मादी, चार महिन्यांखालची पिल्ले आणि नर की मादी ते न कळलेली कुत्री, असे रकाने करावेत. कानाला खाच आहे का, तेही लिहावे. नसबंदी केलेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात, तीच त्याची ओळख. खरूज, जखम, लंगडेपण दिसल्यास शेऱ्यात नोंद करावी.

५. कोणती मोजावीत : रस्त्यावर मोकळी फिरणारी सर्व मोजावीत, मग गळ्यात पट्टा असो वा नसो. फाटकाच्या आत बांधलेली मोजू नयेत. त्यांची माहिती घरोघर विचारून वेगळी घ्यावी. आपल्याकडे पुष्कळ पाळीव कुत्री दिवसा दारात आणि रात्री गावभर असतात, हे विसरू नये.

६. सातत्य : पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी, त्याच रस्त्यांनी मोजावे. यंदा पिल्लांच्या दिवसांत आणि पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मोजले, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आठवडी बाजाराचा, सणाचा किंवा पावसाचा दिवस टाळावा.

मी स्वतः वही घेऊन पहाटे आमच्या भागात फिरलो आहे. माझ्या लक्षात आले ते असे की कुत्री गावभर सारखी पसरलेली नसतात. एस.टी. स्टँड, चिकनची दुकाने, मंगल कार्यालयाची मागची बाजू आणि उघडा उकिरडा अशा मोजक्या ठिकाणी त्यांचे घोळके असतात. मधल्या कितीतरी गल्ल्यांत पानावर एकही नोंद होत नाही. कामाला कुठून सुरुवात करावी, हे अशी एक वहीच सांगते.

एक सोपे गणित

पहाटे कितीही काळजीपूर्वक फिरले, तरी सर्व कुत्री दिसत नाहीत. न दिसलेली कशी मोजायची? त्यासाठी शास्त्रज्ञ एक युक्ती वापरतात. हीच युक्ती तळ्यातले मासे आणि जंगलातली जनावरे मोजण्यासाठीही वापरतात.

समजा, एका प्रभागात लसीकरणाची मोहीम झाली आणि १२० कुत्र्यांना लस टोचली. प्रत्येकाच्या पाठीवर वा डोक्यावर अपाय न करणाऱ्या, काही दिवस टिकणाऱ्या रंगाचा पट्टा ओढला. दुसऱ्या दिवशी पहाटे वेगळी माणसे त्याच प्रभागात फिरली. त्यांना १५० कुत्री दिसली आणि त्यांतल्या ९० कुत्र्यांवर रंग होता. म्हणजे दिसलेल्यांत रंगवलेली शेकडा ६०. हेच प्रमाण साऱ्या प्रभागाला लागू धरले, तर आपण रंगवलेली १२० कुत्री म्हणजे एकूण संख्येच्या शेकडा ६० झाली. म्हणून एकूण कुत्री २००. गणित मांडायचे तर १२० ला १५० ने गुणावे आणि ९० ने भागावे.

या एका फेरीत दोन गोष्टी कळल्या. प्रभागात सुमारे २०० कुत्री आहेत आणि त्यांतल्या शेकडा ६० कुत्र्यांना लस मिळाली आहे. शेकडा ७० गाठायचे असेल तर आणखी २० कुत्री पकडली पाहिजेत. ती कोणत्या गल्लीत आहेत, तेही वहीत लिहिलेले असते.

यात एक पथ्य आहे. जाळ्यात एकदा सापडलेले कुत्रे ती गाडी व ती माणसे पाहून लपते. म्हणून मोजणीला जाळीवाले नेऊ नयेत. रंगवलेली कुत्री लपून बसली, तर एकूण संख्या खऱ्याहून जास्त निघते. पावसात रंग धुऊन गेला तरी तेच होते.

शंभरातील सत्तर कशासाठी?

रेबीज पसरण्यासाठी पिसाळलेल्या कुत्र्याला बिनलशीचे दुसरे कुत्रे भेटावे लागते. एक पिसाळलेले कुत्रे मरण्यापूर्वी सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच रोग देते. म्हणून गावातल्या बहुतेक कुत्र्यांना लस असेल, तर रोगाची साखळी तुटते. सर्व कुत्र्यांना लस देण्याची गरज पडत नाही. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस दिली, तर वर्षभरात काही कुत्री मेली आणि नवी पिल्ले आली, तरी रोग थोपवण्याइतकी लस टोचलेली कुत्री गावात शिल्लक राहतात. जागतिक आरोग्य संघटनाही हेच प्रमाण सांगते.

आता मोजणीचे महत्त्व ध्यानात येईल. ‘आम्ही ४०० कुत्र्यांना लस टोचली’ असे पालिकेने जाहीर केले, तर ते चांगले की अपुरे? गावात ५०० कुत्री असतील तर काम उत्तम झाले. २,००० असतील, तर रोगाच्या दृष्टीने त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

नसबंदीचेही असेच आहे. समजा, मोजणीत गावात नसबंदी न झालेल्या ३५० माद्या निघाल्या. शस्त्रक्रियागृहात दिवसाला ५ माद्यांची शस्त्रक्रिया होत असेल आणि महिन्याला २० दिवस काम चालत असेल, तर महिन्याला १०० आणि साडेतीन महिन्यांत ३५० होतात. होळीनंतर सुरुवात केली तर माद्या माजावर येण्यापूर्वी काम संपते. दिवसाला दोनच झाल्या, तर तेच काम जवळजवळ नऊ महिने रेंगाळते आणि तोवर नवी पिल्ले जन्मलेली असतात. खर्च झाला पण फरक दिसला नाही, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, तिचे एक कारण हे आहे. नसबंदी थोडी थोडी, रेंगाळत आणि गावभर विखरून केली, तर ती पिल्लांच्या मागे धावत राहते. एक भाग हाती घेऊन तेथील बहुतेक माद्या संपवायच्या आणि मगच पुढच्या भागाकडे जायचे, हा खरा मार्ग.

काम नीट चालले आहे की नाही, याची पहिली खूण कोणती? एकूण संख्या लगेच घटत नाही. मोकाट कुत्री काही वर्षे जगतातच. पण दूध पाजणाऱ्या माद्या आणि पिल्ले यांचे प्रमाण पहिल्या-दुसऱ्या वर्षातच उतरू लागते. मोजणीच्या वहीत ते दोन रकाने वेगळे ठेवायचे ते यासाठी.

इतर शहरांचा अनुभव

जयपूरमध्ये एका प्राणिकल्याण संस्थेने नोव्हेंबर १९९४ मध्ये हे काम सुरू केले. डिसेंबर २००२ पर्यंत तिने जवळजवळ २५ हजार कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण केले. भर माद्यांवर होता. ६५ टक्के माद्यांची नसबंदी झाली. ठरलेल्या रस्त्यांवरची मोजणीही त्यांनी चालू ठेवली होती. तिच्यावरून कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि काम झालेल्या भागात माणसांतला रेबीज शून्यावर आला. शहराच्या इतर भागांत मात्र तो कमी झाला नाही. मोजणीची वही नसती, तर हे यश कोणी मान्य केले नसते.

आपल्या शेजारच्या गोव्याने लसीकरणावर भर दिला. तेथे २०१३ नंतर मोठी मोहीम उभी राहिली. पाळीव कुत्र्यांना दारात जाऊन आणि मोकाट कुत्र्यांना जाळ्यात धरून लस टोचण्यात आली. प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलवर होत गेली, त्यामुळे कोणती वाडी राहिली ते त्याच संध्याकाळी कळे. मोहीम भरात असताना वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली जात होती. शाळाशाळांतून मुलांना शिकवले गेले, संशयित कुत्र्याची खबर देण्याची सोय झाली. कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०१८ व २०१९ या दोन वर्षांत रेबीजने एकही माणूस दगावला नाही. २०२१ मध्ये राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केले. रोग थोपवायला लस लवकर उपयोगी पडते आणि संख्या घटवायला नसबंदी लागते. दोन्ही हातात हात घालून चालाव्यात.

मुंबईत २०१४ च्या मोजणीत सुमारे ९५ हजार मोकाट कुत्री आढळली होती. दहा वर्षांनंतरच्या मोजणीत ती ९० हजारांच्या घरात होती. घट थोडी आहे, पण आकडा हाती असल्यामुळे कामाचा वेग वाढवायला हवा की नको, यावर निदान चर्चा तरी होऊ शकते.

उकिरडा आणि कुत्री

कुत्र्यांची संख्या शेवटी अन्नावर ठरते. उघडी कचराकुंडी, रस्त्यावर टाकलेली कोंबडीची पिसे व आतडी, लग्नातली उष्टी पाने ही सारी कुत्र्यांची खाणावळच आहे. मटण-चिकनच्या दुकानदारांनी टाकाऊ भाग झाकणाच्या पिंपात ठेवून थेट घंटागाडीत द्यावा, यावर पालिकेने कटाक्ष ठेवला पाहिजे. मात्र केवळ कचरा एका दिवसात उचलून कुत्री नाहीशी होत नाहीत. ती भुकेने दुसरीकडे सरकतात. म्हणून स्वच्छता, लस व नसबंदी ही तिन्ही कामे एकत्र व्हावीत.

जे दयाबुद्धीने कुत्र्यांना खाऊ घालतात, त्यांनाही माझी विनंती आहे. शाळेच्या फाटकापाशी, दवाखान्याच्या दारात, जिन्यात खाऊ घालू नये. एक ठरावीक कोपरा व ठरावीक वेळ ठेवावी, खाणे झाले की जागा झाडून घ्यावी. आणि ज्या कुत्र्यांना आपण खाऊ घालतो, ती आपल्या हाताला सरावलेली असतात. त्यांना लसीसाठी धरून देण्यात तुमच्याइतकी मदत दुसरे कोणी करू शकणार नाही.

कायदा काय सांगतो?

मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम केंद्र सरकारने प्रथम २००१ मध्ये केले. त्यांच्या जागी मार्च २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यांनुसार ही जबाबदारी नगरपालिका, महापालिका, पंचायत अशा स्थानिक संस्थांची आहे. नसबंदी व लसीकरण करून, काही दिवस देखरेखीखाली ठेवून, कुत्रे होते त्याच जागी सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळता इतरांबाबत याच पद्धतीचा आदेश दिला आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून देण्यास सांगितले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवावीत आणि ती परत तेथे सोडू नयेत, असा आदेश दिला. न्यायालयाच्या पुढील आदेशांची माहिती पालिकेकडून घ्यावी.

कुत्रे चावल्यास

मोजणी व नसबंदीला वेळ लागतो, चावा मात्र आजही होऊ शकतो. म्हणून पुढील गोष्टी घरातल्या सर्वांना सांगून ठेवाव्यात.

– जखम लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी.

– हळद, तिखट, चुना, तंबाखू, रुईचा चीक यांपैकी काहीही लावू नये. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. घट्ट पट्टी बांधू नये.

– त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने आता राहिलेली नाहीत, ती लस देशात २००५ पर्यंत बंद झाली. हल्लीची लस दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. कातडीत देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवशी व नंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी येते. स्नायूत देण्याच्या पद्धतीत १४ व्या दिवशीचीही मात्रा असते. दिलेली तारीख चुकवू नये.

– रक्त आले असेल किंवा खोल जखम असेल, तर लसीबरोबर जखमेत व तिच्याभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शन घ्यावे लागते. डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारावे.

– कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी लस थांबवू नये. दहा दिवस कुत्रे धडधाकट राहिले, तर पुढच्या मात्रांविषयी डॉक्टर सांगतील.

– पिल्लाचा चावा, ओरखडा, मांजर वा माकड यांचा चावा हेही हलके समजू नयेत. मूल मार बसेल म्हणून लपवते, तेव्हा आधी त्याला धीर द्यावा.

आपण काय करू शकतो?

वाचकहो, या विषयावर गावात दोन तट पडतात आणि वर्षानुवर्षे वाद चालतो. कुत्र्यावर दया करणारा आणि कुत्र्याला भिणारा, दोघांनाही हवे आहे ते एकच : रस्त्यावर पिल्ले कमी जन्मावीत आणि जी कुत्री आहेत ती निरोगी व लस टोचलेली असावीत. त्याची सुरुवात मोजणीने होते. प्रत्येक प्रभागातून चार तरुण, एक शिक्षक आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा एक कर्मचारी मिळाला, तर दोन-तीन पहाटेत सारे गाव मोजून होईल. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना हे काम चांगले जमेल.

आपल्या घरी कुत्रे असेल तर त्याला दरवर्षी लस टोचावी, कार्ड जपून ठेवावे, नसबंदी करून घ्यावी आणि रात्री मोकळे सोडू नये. पुढच्या वेळी नगरसेवक दारात आले, तर ‘कुत्र्यांचा बंदोबस्त करा’ एवढेच म्हणून थांबू नका. आपल्या प्रभागात कुत्री किती, त्यांतल्या किती टक्क्यांना यंदा लस मिळाली आणि नसबंदी न झालेल्या माद्या किती उरल्या, हे तीन आकडे त्यांना विचारा. आकडे देता आले नाहीत, तर ‘मोजायला आम्ही येतो, दिवस ठरवा’ असे सांगा.